आईच्या उंचीच्या भीतीवर व्हीआर थेरपी सुचवली आहे, यावर खरंच काही संशोधन झालंय का?

मेघना_मुलुंड

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा. आमची जुनी बिल्डिंग, तळमजला अधिक तीन मजले, रिडेव्हलपमेंटला गेली होती, चार वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि आता नव्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर राहायला आलोय. आई एकाहत्तर वर्षांची. जुन्या घरात तिचा अर्धा दिवस गॅलरीत जायचा, भाजी निवडायची तिथे, पेपर तिथे, खालून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी तिथूनच. इथे गॅलरीला भिंतच नाहीये, काच आहे, पायापासून छातीपर्यंत नुसती काच. पहिल्या दिवशी ती हौसेने बाहेर गेली, खाली पार्किंगमधल्या गाड्या काडेपेटीएवढ्या दिसल्या आणि तिथेच खाली बसली. हात गार पडले, घाम फुटला, उठता येईना, शेवटी बसल्या बसल्या सरकत आत आली.

त्याला आता पाच महिने झाले. हॉलचे पडदे दिवसभर बंद. काचेला मी खालपासून वरपर्यंत ब्राऊन पेपर चिकटवला तरी ती गॅलरीच्या दारापासून चार हात लांबच बसते. लिफ्टमधून खाली जाते, त्याचं काही नाही, पण आमच्या मजल्यावर लिफ्टबाहेर मोठी खिडकी आहे तिथून जाताना रामरक्षा म्हणत भिंतीला हात लावून जाते. परवा म्हणाली, मला गावाला सोडून ये, मी इथे नाही जगायची. ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

ओळखीतून एका क्लिनिकचं नाव कळलं, तिथे व्हर्च्युअल रिअॅलिटीचा, म्हणजे व्हीआरचा चष्मा लावून, आत खरी वाटणारी कॉम्प्युटरची जागा दाखवून भीती घालवतात. आठ सेशनचं पॅकेज, बत्तीस हजार, सगळे आधी भरायचे. त्यांच्या माहितीपत्रकात डिप्रेशन, ओसीडी, झोप, आत्मविश्वास, मुलांची एकाग्रता असं सगळंच बरं होतं म्हणून लिहिलंय, त्यामुळे मन धजत नाहीये. सेशनला शेजारी कोण बसणार विचारलं तर म्हणाले आमचा टेक्निशियन असतो. पैसे उभे करेन, त्याची तक्रार नाही, पण यामागे खरं संशोधन आहे का नुसता दिखावा आहे हे कुणी सांगेल का? आणि या वयात ते डोक्याला लावणं बरं का?

कविता_नाशिक

मेघनाताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, फोबियावर बरीच वर्षं काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आधी एक गोष्ट, आईंना जे झालंय ते हट्ट नाही आणि म्हातारपणाचा भित्रेपणाही नाही. पाच महिन्यांत त्यांची घरातली सगळ्यात आवडती जागा गेलीये. तुम्ही विचारताय हे फार बरं केलंत.

संशोधन आहे, आणि उंचीच्या भीतीवरच सगळ्यात जुनं आहे. १९९५ साली अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांच्या टीमने कॉलेजच्या मुलांवर हा प्रयोग केला होता, कॉम्प्युटरवर काढलेले पूल, बाल्कन्या आणि एक काचेची लिफ्ट. त्या काळचं चित्र म्हणजे अगदी ठोकळ्यांचं, तरी पोरांना खरा घाम फुटला आणि सेशन संपल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी आपणहून खऱ्या उंच जागी जाऊन बघितलं. मेंदूला ते चित्र आहे हे माहीत असतं, पण पोटात गोळा यायचा तो येतोच. सगळी थेरपी याच गोष्टीवर उभी आहे.

मग २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांचा अभ्यास लॅन्सेट सायकिअॅट्री या वैद्यकीय मासिकात आला. उंचीची भीती असलेली १०० माणसं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, ४९ जणांना व्हीआर आणि ५१ जणांना जे चालू असेल तेच, म्हणजे बहुतेकांना काहीच नाही. चष्म्याच्या आत दहा मजली इमारत होती, मधे मोठा मोकळा चौक, आणि सांगायला थेरपिस्ट नाही तर कॉम्प्युटरनेच बनवलेली एक कोच. ती एकेक मजला वर नेते आणि कामं देते, झाडात अडकलेली मांजर सोडवा, कठड्याशी उभं राहून झायलोफोन वाजवा, शेवटी तर देवमाशावर बसून त्या चौकात फेरी. सरासरी दोन तासच लोक चष्मा लावून होते, तेही दोन आठवड्यांत चार-पाच वेळा मिळून, आणि भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. दुसऱ्या गटात फारसा फरक नाही.

आकडा मोठा आहे, मलाही वाचून आनंद झाला होता, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुलना होती ती उपचार न मिळालेल्यांशी, अनुभवी थेरपिस्टशी नव्हती. आणि हे तंत्र विकणारी कंपनी त्याच विद्यापीठातून निघालेली, फ्रीमन तिचे एक संस्थापक. त्यांनी ते लपवलेलं नाही, छापलेलंच आहे, पण वाचणाऱ्याला माहीत हवं. नंतर २०१९ मध्ये सगळ्या प्रकारच्या भीतींवरचे ३० अभ्यास आणि हजाराच्या वर माणसं एकत्र करून बघितलं गेलं, तेव्हा निघालं ते असं की व्हीआरमधून भीतीला सामोरं नेणं हे काही न करण्यापेक्षा खूपच चांगलं, आणि प्रत्यक्ष जागेवर नेण्याच्या साधारण बरोबरीचं. म्हणजे जे काम चष्मा करतो ते गॅलरीचं दारही करू शकतं, त्यात चष्मा कमी पडतो असंही नाही आणि वरचढ ठरतो असंही नाही. चष्म्याचा खरा फायदा कुठे, तर जिथे प्रत्यक्ष नेणं अवघड असतं तिथे, विमान, युद्ध, अपघात. विमानाची भीती असलेल्या माणसाला मी दर आठवड्याला विमानात कुठून बसवणार. तुमच्याकडे तर उंची घरातच आहे.

आता थेरपी म्हणजे नेमकं काय ते सांगते म्हणजे त्या क्लिनिकला काय विचारायचं ते कळेल. भीती वाटते म्हणून आपण मागे सरकतो, सरकलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू शिकतो की मागे सरकलो म्हणून वाचलो. दर वेळी हे पक्कं होत जातं. एक्स्पोजरमध्ये, म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जाण्यात, उलटं करायचं, सोसेल एवढ्याच पायरीवर उभं राहायचं आणि मागे न सरकता थांबायचं, म्हणजे मेंदूला नवं कळतं की थांबलो तरी काही झालं नाही. प्रत्येक पायरीला किती भीती वाटते ते शून्य ते शंभरमध्ये विचारतो. घाईने वरच्या पायरीवर ढकललं की माणूस पळतो आणि भीती आणखी घट्ट होते. ही पायरी कधी बदलायची ते ओळखायला शेजारी जाणतं माणूस लागतं. मशीन चालू-बंद करता येणारा टेक्निशियन मुळीच पुरत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर काय, आणि चष्म्यातली पायरी झाल्यावर खऱ्या गॅलरीत कधी आणि कोण नेणार, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याला उत्तर नसेल तर पैसे भरू नका.

आणि सगळ्याच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागामुळे गरगरतं, ते उंचावर जास्त जाणवतं, मग खरी चक्कर आणि भीती एकमेकांत मिसळतात. बीपी उभं राहून आणि बसून दोन्ही मोजायला सांगा. चष्मा लावल्यावर काहींना मळमळतं, कारण डोळ्यांना हलल्यासारखं दिसतं आणि कानाला तर आपण जागेवरच आहोत हे कळत असतं. मानेचा स्पाँडिलायटिस, मोतीबिंदूचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, फिट्सचा त्रास यातलं काही असेल तर आधीच सांगा.

नंदू_इंग्लंड

कविताताईंनी छान सांगितलंय, मी इकडची बाजू लिहितो. मी इंग्लंडात मेंटल हेल्थ नर्स आहे, मूळचा साताऱ्याचा. फ्रीमन यांच्याच टीमचं गेमचेंज नावाचं काम २०२२ ला आलं, ते उंचीचं नाही तर सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार असलेल्या लोकांचं, ज्यांना घराबाहेर पडायचीच भीती बसलेली असते. ३४६ पेशंट होते, एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत चष्मा, दुसऱ्याला नुसते नेहमीचे उपचार. चष्म्यात सहा जागा होत्या, घराचं दार उघडून रस्त्यावर येणं, बस, छोटं दुकान, कॅफे, पब, आणि डॉक्टरांची वेटिंग रूम. कुणाला कौतुक वाटेल अशी एकही जागा नाही त्यात, पण आमच्या पेशंटांपैकी कितीतरी जणांना दुकानात जाऊन दूध आणणं म्हणजे तुमच्या आईला गॅलरी तसंच आहे, तेव्हा निवड कुणीतरी पेशंटजवळ बसून केलीये हे कळतं.

निकाल सगळा सांगायला हवा. सहा आठवड्यांनी फरक दिसला पण सरासरी बघितली तर लहानच, आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांत एकंदरीत फारसा फरक उरला नाही. पण ज्यांची अवस्था सुरुवातीला सगळ्यात वाईट होती, जे घरातून बाहेर पडतच नव्हते, त्यांना मात्र चांगला फायदा झाला आणि तो टिकलाही. मला स्वतःला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण एरवी बहुतेक उपचारांत सगळ्यात आजारी माणूसच मागे राहतो. आणि दर सेशनला माणूस शेजारी होता, सायकॉलॉजिस्ट किंवा त्यांचे असिस्टंट किंवा स्वतः त्या आजारातून गेलेला सहकारी, आणि दोन सेशनच्या मधे प्रत्यक्षात काय करून बघायचं ते ठरवून द्यायचे. म्हणजे इतकं सगळं ऑटोमॅटिक असूनही त्यांनी माणूस काढला नाही.

ते माहितीपत्रक वाचून मात्र राग आला. उंचीच्या भीतीवरचा पुरावा दाखवायचा आणि त्या जोरावर डिप्रेशनपासून एकाग्रतेपर्यंत सगळं विकायचं, हे बरोबर नाही. एका दुखण्यावरचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

हर्षद_कोथरूड

ताई बत्तीस हजार भरू नका घाईने. मी व्हीआरवरच काम करतो, गेम बनवतो, थेरपी नाही, त्यामुळे थेरपीचं कविताताई सांगतील तेच खरं धरा. पण यंत्राबद्दल सांगतो, या चष्म्यात महाग असं काही आता राहिलेलं नाही. नेदरलँड्समध्ये टारा डॉन्कर यांच्या टीमने १९३ लोकांवर अभ्यास केला, २०१९ ला छापून आला, त्यात साधा मोबाईल आणि पुठ्ठ्याचा व्ह्यूअर वापरला होता, लोकांनी घरीच तीन आठवडे स्वतःचं स्वतः केलं, उंचीचीच भीती, आणि वाट बघणाऱ्या गटापेक्षा भीती बरीच कमी झाली. पुठ्ठा हो, खरंच पुठ्ठा आणि दोन भिंगं. अर्थात ती माणसं स्वतः मोबाईल वापरणारी होती, एकाहत्तर वर्षांच्या आईंना एकटीने हे करायला लावू नका.

क्लिनिकमध्ये गेलात तर एवढं बघा, डोकं वळवलं की चित्र लगेच वळतं का मागून येतं. मागून येत असेल तर मळमळणारच, मग आई म्हणतील की भीती वाढली आणि चूक असेल चष्म्याची. आणि पहिल्यांदा बसवूनच लावायला सांगा, हाताच्या खुर्चीत, उभं नाही. चष्म्याला चष्मा घासतो म्हणून आईंचा नंबरचा चष्मा सोबत न्या आणि आत बसतो का बघा, कारण धूसर दिसलं तर उंची जाणवणारच नाही आणि सेशन फुकट जाईल.

सुनंदा_सिस्टर

मी भीतीवर नाही पण व्हीआरवर लिहिते, आयुष्य जळीत वॉर्डात गेलं माझं, आता रिटायर आहे. सिएटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी स्नोवर्ल्ड म्हणून केलं होतं, जळालेल्या पेशंटचं ड्रेसिंग चालू असताना त्याला चष्मा लावायचा आणि तो बर्फाच्या दरीत पेंग्विनवर बर्फाचे गोळे मारत बसायचा. दुखणं कमी जाणवायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडले होते, कारण ड्रेसिंगच्या वेळी पोरं कशी ओरडतात ते मी कानांनी ऐकलंय, आम्ही गाणी म्हणायचो, गोष्टी सांगायचो, मनाला दुसरीकडे न्यायचं एवढंच आमच्या हातात. पण मेघना बाळा, तिथे मन दुसरीकडे नेतात आणि तुझ्या आईच्या बाबतीत मन तिथेच ठेवायचंय, कविता म्हणाली तसं. त्यामुळे कुणी आईला चष्म्यात समुद्रकिनारा दाखवून रिलॅक्स करतो म्हणालं तर ते चांगलंच वाटेल, पण गॅलरीची भीती त्याने जाणार नाही.

मेघना_मुलुंड

सुनंदाताई, त्यांनी पहिल्या दोन सेशनला समुद्रकिनाराच दाखवणार सांगितलं होतं! बरं झालं लिहिलंत. कविताताई, रामरक्षेचं विचारायचं राहिलं. तुम्ही मागे सरकण्याबद्दल लिहिलंत ते वाचून मला वाटलं, ती रामरक्षा म्हणते तेही तसंच आहे का? मी तिला म्हणू नको असं कसं सांगू.

कविता_नाशिक

मुळीच सांगू नका. फरक एवढाच बघा, रामरक्षा म्हणत त्या खिडकीकडे बघतात का डोळे मिटून घेतात. म्हणत म्हणत बघत असतील तर ती त्यांची ताकद आहे, राहू दे. डोळे मिटून, भिंत धरून, कधी एकदा दार येतं असं होत असेल तर हळूहळू आधी भिंतीवरचा हात सुटू दे, मग डोळे. स्तोत्राला हात लावायचा नाही. ऑक्सफर्डच्या त्या चष्म्यातली कोचसुद्धा हेच करते, स्वतःला वाचवायच्या ज्या बारीक बारीक सवयी लागलेल्या असतात त्या एकेक सोडायला लावते. काचेवरचा तुमचा ब्राऊन पेपरही त्यातलाच, पण तो आत्ता काढू नका.

फोंड्याचा_दिलीप

थोडं वेगळं लिहितो, विषय सोडून वाटलं तर माफ करा. आमच्या गोव्यात संगथ संस्थेने विक्रम पटेल यांच्याबरोबर डिप्रेशनवर काम केलं, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन समुपदेशक बनवलं. सहा ते आठ भेटी, माणसाला परत कामाला लावायचं आणि माणसांत आणायचं, २०१७ ला लॅन्सेटमध्ये आलं, नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा लोक जास्त बरे झाले. माझ्या बघण्यात आहे म्हणून सांगतो, यात यंत्र काहीच नव्हतं. पुढे मध्य प्रदेशात याचंच ट्रेनिंग आशाताईंना स्मार्टफोनवरून दिलं गेलं. मला वाटतं आपल्याकडे डिजिटलचा खरा उपयोग इथे आहे, उपचार करणारी माणसं वाढवायला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्यांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं होतं, तिथे एकेका क्लिनिकात बत्तीस हजारांचा चष्मा किती पुरणार.

मेघनाबाय, आई गावाला सोड म्हणते आणि नाही जगायची म्हणते, ते नुसतं भीतीचं आहे का मन उदास झालंय ते पण बघा हां. रात्रीबेरात्री काही वाटलं तर १४४१६ ला फोन करा, टेली मानस, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मेघना_मुलुंड

तीन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांचे मनापासून आभार, तुमच्यामुळे दिशा मिळाली. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, कानाचं काही नाही, बीपीची गोळी मात्र फिजिशियनने बदलून दिली, उभं राहिल्यावर खाली जात होतं. त्या क्लिनिकला तिसरा प्रश्न विचारला, घरी येऊन गॅलरीत कोण नेणार, तर म्हणाले ते आमच्या पॅकेजमध्ये येत नाही. मग नाही भरले पैसे. जवळच रजिस्टर्ड सायकॉलॉजिस्ट मिळाल्या, वयाने माझ्याहून लहान आहेत पण आईचं त्यांच्याशी जमलं. दिलीपदादा, त्यांनी उदासीबद्दलही नीट विचारलं आणि त्यावर लक्ष ठेवून आहेत. चष्मा त्यांच्याकडे आहे, म्हणाल्या लागला तर वापरू, आधी घरातल्या घरात बघू.

पहिल्या दिवशी त्यांनी शून्य ते शंभर समजावलं तर आईला काही केल्या जमेना, मग तीच म्हणाली, आण्यांत सांगू का? आता आमच्या घरात भीती आण्यांत मोजतात. पडदा उघडला की सहा आणे. मावशीकडे चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत उभं राहणं नऊ आणे, तिथे दोनदा जाऊन आलो, दुसऱ्यांदा निघताना पाच आणे म्हणाली. आमची गॅलरी सोळा आणे. काल खुर्ची गॅलरीच्या उंबऱ्याला टेकवून ठेवली, पाय आत, आणि मेथीची जुडी दिली मांडीवर. पहिली काही मिनिटं नुसती देठ धरून बसली, तोंडाने रामरक्षा चालू, बारा आणे म्हणाली, मी काही बोलले नाही, थांबले. अर्ध्या तासाने अर्धी जुडी निवडून झाली होती आणि विचारत होती खालच्या वॉचमनचं नाव काय.

कविताताई, आता एकच प्रश्न. काचेवरचा पेपर कधी काढू? आमच्या मॅडम पुढच्या आठवड्यात बाहेरगावी आहेत म्हणून तुम्हाला विचारतेय.

कविता_नाशिक

ताई, वाचून फार बरं वाटलं. त्या येईपर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही. आणि काढायचा झाला तर तुम्ही काढू नका, आईंच्या हातात द्या. वरच्या कडेने चार बोटं, त्यांच्या हाताने, त्या म्हणतील त्या दिवशी. मग त्या चार बोटांतून दिसेल तेवढंच बघत बसायचं, आठ आणे होईपर्यंत.